राणी कशाने गेली? घोड्यांच्या संशोधनाला हातभार लावू पाहणाऱ्या मालकाला उत्तर

प्रश्न (कामठीहून): आमच्याकडे वडिलांपासून वरातीच्या घोड्या आहेत. गेल्या मे महिन्यात आमची १४ वर्षांची राणी पोटदुखीने एका रात्रीत गेली. इंजेक्शनं झाली, नळी घातली, पण पहाटे तिने मान टाकली. कशाने गेली ते कळलंच नाही. तिच्या नावाने घोड्यांच्या आजारांवरच्या संशोधनाला काही मदत करावी असं घरात सगळ्यांच्या मनात आहे. ५० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ते कुणाला द्यावेत? एवढ्याशा पैशाने खरंच काही होतं का? दावणीला आता राणीची लेक मोती आहे, ४ वर्षांची.

उत्तर:

राणीचं वाचून फार वाईट वाटलं. पैशांचं पुढे सांगतो, कुठे आणि कसे द्यायचे इथपर्यंत. पण तुमच्या पत्रातल्या ‘कशाने गेली ते कळलंच नाही’ या वाक्यापाशी मला आधी थांबायचंय. गेली ३१ वर्षं मी नागपूर, कामठी, उमरेड, हिंगणघाट या पट्ट्यात घोडे तपासतो. घोडं गेल्यावर बहुतेक मालकांनी मला हेच सांगितलंय, आणि बऱ्याचदा मलाही कळलेलं नसतं.

पोटदुखी हे लक्षण आहे, आजाराचं नाव नव्हे. घोडी पोटाकडे वळून बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, खाली बसते, लोळते, घामाने भिजते. आत मात्र वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या असू शकतात. गॅस धरलेला असेल, लीद सुकून बोळा बसला असेल, रेती साचली असेल, आतड्याला पीळ पडला असेल, जंतांनी आतड्याची रक्तवाहिनी खराब केली असेल. घोड्याला ओकता येत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. मोठं आतडं मात्र एवढं लांब की पोटात दुमडून बसलेलं असतं, आणि त्यात ओटीपोटापाशी एक वळण असं आहे की तिथे रुंद नळी एकदम निमुळती होते. सुकलेली लीद बहुतेक वेळा तिथेच अडकते. बाहेरून कान लावून, आतून हाताने तपासून, नळी घालून आम्ही अंदाज बांधतो. घोडी वाचली तर तो अंदाज खरा होता का, हे पुरतं कळत नाही. मेली तर कुणी बघू देत नाही.

म्हणून माझं पहिलं उत्तर असं: आपल्या भागात घोड्यांच्या संशोधनाला पैशाच्या आधी तीन गोष्टी लागतात. मालकाने ठेवलेली वही, वेळेवर घेतलेला नमुना आणि मेलेलं जनावर उघडून बघायची परवानगी. या तिन्ही तुमच्या हातात आहेत. त्या नसतील तर कितीही मोठी देणगी कपाटातल्या काचसामानातच अडकून पडते.

सात-आठ वर्षांपूर्वीची, कोराडी रोडकडची गोष्ट सांगतो. महिना मेच होता. वरातीची घोडी, वय ९. दोन दिवस अधूनमधून पोट दुखत होतं, तिसऱ्या पहाटे गेली. मी मालकाला म्हटलं, उघडून बघू या. त्याचा काका मध्ये पडला, “तिले आता कायले चिरता जी? गेली ना ते.” मी काही बोललो नाही. मालकच जरा वेळाने म्हणाला, “बाकीच्या दोघी आहेत ना काका. बघू द्या साहेबांना.” आठच्या आत आम्ही काम उरकलं, कारण आपल्याकडच्या उन्हात चार-पाच तासांनी आतलं काही वाचण्यासारखं राहत नाही. मोठ्या आतड्याच्या त्या निमुळत्या वळणापाशी नारळाएवढा गोळा बसला होता. हाताला दगडासारखा. चिरल्यावर आतून पांढरे-पिवळे धागे निघाले, चिकट, एकमेकांत वळलेले, वर क्षारांचा थर. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे होते ते. त्या घरी कुटार पोत्यातूनच पुढ्यात ठेवायची सवय होती, पोत्याची तोंडं फाटून लोंबत होती आणि घोड्या कुटाराबरोबर धागे ओढून खात होत्या. त्याच दिवशी पोती गेली, सिमेंटची गव्हाण आली. काका तेव्हापासून मला मुलगा मानतो, पण ते जाऊ द्या. त्या घरातल्या बाकीच्या दोन्ही घोड्या आजही उभ्या आहेत.

ही एका घोडीची गोष्ट झाली. ती मी सांगितली तर किस्सा. अशा ४० घोड्या उघडून बघितल्या, कुणाच्या आतड्यात काय मिळालं ते एकाच पद्धतीने लिहिलं, त्या काय खात होत्या आणि पाणी किती पीत होत्या हेही सोबत असलं, तर त्याला संशोधन म्हणता येतं. मग विदर्भातल्या घोड्यांना रेती मारते, प्लास्टिक मारतं की लग्नसराईतली तहान, हे ठामपणे सांगता येईल. आज मी ते ठामपणे सांगू शकत नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

मेलेलं शरीर उघडून बघण्यात किती बळ आहे याचं सगळ्यात मोठं उदाहरण गिधाडांचं. १९९०च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालले होते. मग पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडली गेली तेव्हा आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसला, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. तिथून माग काढत २००४ मध्ये कारण हाती लागलं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक, जे मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. तुमच्या घोडीला दुखण्यावर कुठलं इंजेक्शन द्यायचं आणि कुठलं नाही, हे आज त्या मेलेल्या पक्ष्यांमुळे ठरतं.

इथे एक सावधगिरी. घोडं अचानक मेलं आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलं असेल तर त्याला हात लावू नका आणि कुणाला चिरूही देऊ नका. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. शरीर उघडलं की त्याचे जंतू हवेशी संपर्क येऊन टिकाऊ बीजाणू तयार करतात आणि ते वर्षानुवर्षं मातीत राहतात. अशा वेळी फक्त सरकारी दवाखान्याला फोन. पिसाळल्यासारखं वागून मेलेल्या घोड्याचंही तसंच.

आता नमुन्याबद्दल. माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत एक चूक वारंवार झाली, ती सांगतो. ताप आलेल्या घोड्याला मी आधी इंजेक्शन द्यायचो आणि मग रक्त घ्यायचो. कधी घ्यायचोच नाही. घोडं बरं व्हायचं, मालक खूश, मीही खूश. पण त्याला काय झालं होतं हे कायमचं पुसलं जायचं. सर्रा या आजारात तर हे फारच घातक. सर्रा होतो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या एकपेशीय परजीवीमुळे, आणि तो घोडेमाश्यांच्या चाव्यातून पसरतो. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडे सावध राहावं लागतं. ताप येतो, जातो, परत येतो. घोडं खातं तरी वाळत जातं, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, मागचे पाय लटपटतात. परजीवी रक्तात दिसतो तो मुख्यतः ताप चढलेला असताना. ताप उतरल्यावर घेतलेली रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली कोरी निघाली तर तिच्यावर विसंबता येत नाही.

एका रात्री अंबाझरीकडच्या एका तबेल्यात १०४ डिग्री फॅरनहाइट तापाच्या घोड्याच्या कानाच्या कडेच्या शिरेतून मी थेंबभर रक्त काचेवर घेतलं, वरून पातळ काच ठेवली आणि गाडीत ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तांबड्या पेशी शांत पसरल्या होत्या. एका जागी मात्र परातीतल्या मोहरीत अळी वळवळावी तशा पेशी ढकलल्या जात होत्या. ढकलणारा दिसायला क्षणभर लागला. मालकाच्या मुलाला मी डोळा लावायला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. आज ताप आला की तो मुलगा सुईच्या आधी काच मागतो. त्याच्याकडून मला आजवर २६ काचा मिळाल्यात, तारीख-वेळ-तापासकट. माझ्या लेखी या काचा मोठ्या देणगीच्या तोडीच्या आहेत.

हा परजीवी पहिल्यांदा सापडला तोही घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे तो पाहिला. तेव्हापासून सव्वाशे वर्षं सगळे म्हणत होते की हा जनावरांचा रोग, माणसाला होत नाही. मग २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी दिसला. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध केली आणि इव्हान्सायमुळे माणूस आजारी पडल्याची ती जगातली पहिली नीट सिद्ध झालेली नोंद मानली जाते. सुरामिन या औषधाने तो रुग्ण बरा झाला. त्याच्या गावातल्या १८०६ लोकांचं रक्त तपासलं गेलं, कुणाच्याही रक्तात परजीवी मिळाला नाही. पुढे कळलं की बहुतेक माणसांच्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिन असतं आणि त्या शेतकऱ्यात नेमकं तेच जन्मतः नव्हतं. आपल्या दारातल्या घोड्याचा आजार समजून घेतला की माणसाबद्दलही काही उमगतं, ते असं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावल्यावर आपल्या शेतकऱ्याला जी लस टोचतात तीही घोड्याच्याच रक्तातून बनते. त्या घोड्यांची तब्येत हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

रक्त द्यायला मालक घाबरतात. “साहेब, काढू नका, कमजोर होते.” हिशोब सांगतो. ३५० किलोच्या घोडीच्या अंगात साधारण २६ ते २८ लिटर रक्त असतं. तपासणीसाठी लागतं १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. तिला पत्ताही लागत नाही.

दुसरी भीती खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. ग्लँडर्सची. नाकात व्रण, घट्ट पिवळा शेंबूड, पायाच्या आतल्या बाजूला ओळीने फुटणाऱ्या गाठी. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेतो. त्यावर घोड्यासाठी लस नाही. तपासणीत पक्का निघाला तर २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली घोड्याला दयामरण द्यावं लागतं. त्यामुळे मालक रात्रीतून घोडं दुसऱ्या गावी हलवतात आणि रोग त्याच्याबरोबर जातो. २००६-०७ मध्ये देशात ग्लँडर्सने पुन्हा डोकं वर काढलं त्यात घोड्यांच्या हालचालीचा मोठा भाग होता. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी, जिथे दूरदूरची घोडी एका रांगेत बांधली जातात, तिथे जाण्याआधी आणि आल्यावर रक्त तपासून घेणं हीच संशोधनाला सगळ्यात मोठी मदत. सरकारी भरपाईची तरतूद आहे, ती मिळवताना कागद पूर्ण लागतात. घोड्याचं वर्णन, फोटो, अंगावरचे केसांचे भोवरे, पांढरे ठिपके, खरेदीची चिठ्ठी आजच एका पिशवीत ठेवा.

नमुना घेतला की तो नीट पोचायला हवा. जांभळ्या बुचाच्या नळीत न गोठलेलं रक्त, लाल बुचाच्या नळीत गोठून वर आलेला पिवळा द्रव. रक्ताची नळी फ्रीजरमध्ये कधी घालायची नाही, पेशी फुटतात. थर्मासमध्ये बर्फ आणि मध्ये कापड, नळी बर्फाला टेकता कामा नये. नाव पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. आणि निघण्याआधी फोन करा. मी एकदा १२ नमुने एका प्रयोगशाळेत पाठवले, पुढे दोन दिवस सुट्टी होती, डबा बाहेरच्या टेबलावर राहिला. सगळं वाया गेलं. त्या १२ घोड्यांना दुसऱ्यांदा टोचायचं मालकांना सांगताना मला मान वर करता आली नाही.

आता पैसे.

घोड्यांचं संशोधन जगभर कमी पैशात चालतं, कारण घोडा दूधही देत नाही आणि मतंही देत नाही. आपल्याकडे २०१९च्या पशुगणनेत घोडे-तट्टं मिळून ३ लाख ४० हजार निघाली, २०१२ मध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास होती. संख्या घटली की औषध कंपन्यांचा रस घटतो. त्यामुळे लोकांच्या देणग्यांवर बरंच अवलंबून राहावं लागतं. अमेरिकेत ग्रेसन-जॉकी क्लब रिसर्च फाउंडेशन १९४० पासून फक्त घोड्यांच्या संशोधनाला पैसे पुरवतं. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटजवळ ॲनिमल हेल्थ ट्रस्ट १९४२ पासून अशाच बळावर उभा होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या इन्फ्लुएन्झावर पाळत ठेवण्यात आयुष्यं घातली. २०२० मध्ये पैसा आटला आणि ती संस्था बंद पडली. ७८ वर्षांचं काम.

त्याच संस्थेची माणसं ज्या एका कामात होती ते तुम्हाला नागपुरात बसून रोज उपयोगी पडेल. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी सगळ्यांना धास्ती होती की तिथल्या दमट उकाड्यात घोडे कोसळतील. तोवर समज असा की तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर त्याचं अंग धरतं, स्नायू आखडतात. आपल्याकडे जुने मोतद्दार आजही हेच सांगतात. घोड्यांवर काळजीपूर्वक प्रयोग झाले आणि निष्पन्न झालं की सगळ्या अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहणं, मध्ये थोडं चालवणं, परत ओतणं, याने अंगातली उष्णता झपाट्याने उतरते आणि स्नायूंना काही होत नाही. मी हे मे महिन्यातल्या वरातींनंतर शेकडो वेळा केलंय. गुदद्वारातलं तापमान ४१ सेल्सियसच्या वर गेलेली घोडी बादल्या ओतून पाऊण तासात शांत उभी राहिलेली बघितलीय. कुठल्यातरी देणगीदाराच्या पैशाने झालेलं ते काम कामठीच्या घोडीचा जीव वाचवतं. एवढ्याशा पैशाने काय होतं, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

तुमचे ५० हजार परदेशी पाठवू नका आणि मोठ्या कोशातही मिसळू नका. हिस्सारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र मोठं काम करतं. २००८ मध्ये जम्मूतल्या कटऱ्यापासून घोड्यांचा इन्फ्लुएन्झा देशभर पसरला तेव्हा त्याच विषाणूवरून त्यांनी लस अद्ययावत केली. पण ते सरकारी पैशावर चालतं, त्यांना तुमच्याकडून हवे आहेत नमुने, आणि ते पशुसंवर्धन विभागामार्फत जातात. पैसे द्यायचेच तर इथे द्या, सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं हे कॉलेज १९५८ पासून आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं दोन वर्षांत प्रबंध करतात. विषय निवडताना ती गाई, शेळ्या, कुत्री घेतात, कारण नमुने सहज मिळतात. घोडा कुणी घेत नाही. ३० घोडी एका जागी, मालक राजी, आणि फिरायला पेट्रोल, असं कुणी समोर ठेवलं तर विषय घेणारा विद्यार्थी मिळतो. परजीवीशास्त्र, विकृतिशास्त्र, चिकित्साशास्त्र या तीन विभागांच्या प्रमुखांना भेटा. एकटे जाऊ नका, कामठी-नागपूरचे आणखी पाच-सहा घोडीवाले सोबत घ्या.

माझा सल्ला विचाराल तर ही रक्कम एकाच कामाला लावा: मेलेला घोडा कॉलेजपर्यंत नेणं आणि नंतर त्याची नीट विल्हेवाट. ऐकायला हे काही मोठं वाटत नाही. पण पहाटे पाचला घोडं गेलं की ३५० किलोचं धूड उचलायला टेम्पो, चार माणसं, नंतर खोल खड्ड्यासाठी जेसीबी, चुना, हे सगळं कोण करणार या एका प्रश्नावर शवविच्छेदन राहून जातं. मालक आधीच बुडालेला असतो, त्याच्याकडून हा खर्च मागवत नाही. राणीच्या नावाने असा निधी असेल आणि एक फोन केला की टेम्पो येत असेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत आपल्याकडे त्या ४० नोंदी जमतील.

देताना चेक संस्थेच्या नावाने काढा, माणसाच्या नावाने कधीच नाही. सोबत पत्र द्या: पैसे कोणत्या कामासाठी आहेत, वर्षाअखेर खर्चाचा हिशोब मिळावा, आणि निष्कर्ष मराठीत घोडीवाल्यांसमोर सांगितले जावेत. शेवटची अट सोडू नका. आयकराची सूट तुमच्या सीएला विचारून घ्या. ओळखीत कुणाची कंपनी असेल तर त्यांना सांगा की सामाजिक जबाबदारीच्या निधीत प्राणिकल्याण बसतं. जिवंत घोड्यावर काही करून बघायचं म्हणून कुणी आलं, तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी मागा आणि संमतीपत्र मराठीत असल्याशिवाय सही करू नका. खरा संशोधक याने दुखावत नाही.

वहीबद्दल राहिलं. शंभर पानी साधी वही पुरते. रोज सकाळी गुदद्वारातलं तापमान (निरोगी घोड्याचं ३७.५ ते ३८.५ सेल्सियस), जबड्याच्या कडेखाली बोट ठेवून नाडी (उभ्या उभ्या मिनिटाला २८ ते ४४), किती बादल्या पाणी प्यायली, किती वेळा लीद टाकली. चंदीत काही बदललं, नवा कडबा आला, हरभरा वाढवला, नाल बसवले, जंताचं औषध दिलं, की तारखेसह. वरातीच्या दिवशी किती तास उभी होती आणि मध्ये पाणी दिलं का. खरं लिहा. मिरवणुकीत लघवी करू नये म्हणून पाणी तोडतात हे मला माहीत आहे, वहीत लपवलं तर वही निकामी. पोट दुखण्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत खाणं बदललेलं असणं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. आपल्याकडे ते तपासायला ही पंधरा दिवसांची पानंच लागतील.

आणि एक काम असं आहे की ते तुम्ही घोडीवाले स्वतः करू शकता. घोड्याचं वजन टेपने काढायचं एक सूत्र आहे: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८७७. घेर १६५ आणि लांबी १५५ असेल तर साधारण ३५५ किलो. पण हे सूत्र परदेशी घोड्यांवर बेतलेलं. आपली वरातीची घोडी, टांग्याची तट्टं, ज्यांच्यात मारवाडी, काठियावाडी, देशी सगळं मिसळलंय, त्यांना ते किती लागू पडतं? भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळालीय, तिच्यासाठीही हा प्रश्न आहेच. एका रविवारी ५० घोडी धरमकाट्यावर चढवा, तिथेच टेप लावा, दोन्ही आकडे लिहा. कॉलेजचा एखादा विद्यार्थी सोबत असेल तर त्याचा शोधनिबंध होईल. जंताच्या औषधाचा डोस वजनावर असतो, आणि वजन अंदाजाने कमी धरलं की औषध कमी पडतं, जंत मरत नाहीत आणि उरलेले औषधाला सरावतात.

तेव्हा मोतीला सध्या जंताचं औषध देऊ नका. सकाळी पडलेल्या ताज्या लीदेतली वरची मूठभर, मातीला न लागलेली, पॉलिथिनच्या पिशवीत आतली हवा दाबून काढून बांधा, फ्रीजमध्ये खालच्या खणात ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन या. तिच्यातली जंतांची अंडी मोजू. मग टेपने वजन काढून औषध देऊ, आणि १४ दिवसांनी पुन्हा एक पिशवी आणा. औषधाने अंडी किती कमी झाली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहू.